साडेआठचा पाऊस

आई, तुझ्या पावसाची तारीख चुकत होती. तेवीस वर्षं, एकही दिवस न चुकता, चुकत होती. हे मी तुला तोंडावर सांगितलं तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस की चूक असलीच तर ती सरकारची. ती गोष्ट आज पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसले आहे, कारण तिच्यातला एक तुकडा मी तेव्हा गाळला होता.

आपल्या अंगणाच्या कोपऱ्यात पाटबंधारे खात्याने पावसाचं माप बसवलं तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. वडील पलटणीत. खात्याच्या माणसाने विचारलं, घरात लिहितं-वाचतं कोण आहे? तू म्हणालीस, "मी हाय की. चौथी पास." हे तूच पुढे आल्यागेल्याला इतक्यांदा सांगितलंस की मला ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. सिमेंटचा चौकोनी ओटा, भोवती तारेचं कुंपण, मध्ये पत्र्याचं नळकांडं, त्यावर नरसाळं आणि आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीत साचलेलं पाणी मापाच्या काचेच्या नळीत ओतायचं, रेघ बघायची, आकडा लिहायचा आणि पाणी फेकून द्यायचं. काम एवढंच. रेडिओवर साडेआठच्या मराठी बातम्या सुरू झाल्या की तू चुलीपुढून उठतेस, तव्यावरची भाकरी माझ्या हवाली करतेस आणि डोक्यावर पोतं घेऊन पावसात जातेस. माझं अर्धं लक्ष खिडकीकडे. त्यामुळे आपल्या घरात पावसाळ्यातल्या भाकरीची एक बाजू करपलेलीच असायची. उन्हाळ्यातही तू जायचीस. शेजारची काकू कुंपणापाशी उभी राहून तुझी थट्टा करायची, "आवं वैनी, आभाळात ढग न्हाई, काय बघताय बाटलीत?" तू मान वर न करता म्हणायचीस, "न्हाई त्येच बघतीया."

एकदा चेंडू काढायला मी कुंपण ओलांडलं आणि बाटली लवंडली. तू रागावशील म्हणून हंड्यातलं पाणी अंदाजाने ओतून ठेवलं. तुझ्या ते एका नजरेत लक्षात आलं. पाण्यात चुलीच्या राखेचा कण होता. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तू पाणी फेकलंस, वही काढलीस आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंस: सांडलं. मग म्हणालीस, "सांडलं तर सांडलं लिवायचं. त्यात लाज कसली? पर पदरचं घालायचं न्हाई." धपाटा बसला असता तर बरं झालं असतं. तो विसरता आला असता.

नव्वदच्या दशकात मी सांगलीला सरकारी संशोधन कार्यालयात लागले ते तुला किती मिरवावंसं वाटलं होतं. विश्रामबागेतली ती दुमजली इमारत, वरच्या मजल्यावर एकुलता एक संगणक, त्याच्या खोलीबाहेर आम्हा सगळ्यांच्या चपला काढलेल्या. तू एकदा आलीस तर दाराशी वाकून हात जोडलेस आणि मी खजील झाले. आमच्याकडे तेव्हा नवीनच काम आलं होतं. हवा तापत चालली आहे, तर आपल्या भागातला पाऊस कसा बदलेल? साताऱ्याच्या डोंगरात तेवढाच पाऊस, पण थोड्या दिवसांत एकदम पडायला लागला तर खाली सांगलीत नदी कधी चढेल? आणि त्यावरून नदीकाठच्या गावांसाठी एक तक्ता करायचा होता: वर इतका पाऊस इतके दिवस सलग झाला, तर खालच्या आळीतली माणसं आणि जनावरं कुठल्या दिवशी हलवायची. पुढे काय होणार हे कळायला मागचं माहीत हवं, म्हणून आम्ही जुन्या नोंदी गोळा करत होतो, दिवसादिवसाच्या. त्यात उंब्रजच्या अलीकडचं आपलं गाव निघालं. तुझं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

आमचे साहेब पुण्याचे, बोलायला मऊ आणि कामाला कडक. त्यांनी तुझे कागद शेजारच्या दोन पाऊस मोजणाऱ्या केंद्रांशी ताडून पाहिले आणि बाजूला सारले. "हे केंद्र काढून टाका. सगळीकडे मंगळवारी पाऊस, आणि यांच्याकडे तो सोमवारीच पडून गेलेला. घरात बसून लिहिलंय हे." एक सहकारी हसून म्हणाला, "त्या गावाला आगाऊ कळत असेल." खोलीत सगळे हसले. माझे कान तापले. महिन्याची बेरीज हवी असती तर एका दिवसाने काही बिघडलं नसतं, पण आमचा सगळा तक्ताच दिवसावर उभा होता. एक दिवस चुकला की माणसं हलवायची तारीख चुकली. साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं. पण घरात बसून लिहिलंय, हे मात्र मला गिळवेना.

"सर, मला पंधरा दिवस द्या."

"कशासाठी? एका केंद्रावाचून अडणार नाही आपलं."

"ते माझ्या आईनं लिहिलंय."

साहेबांनी चष्मा काढला. "मग तर तुम्ही त्याला हातसुद्धा लावू नये." मी उभीच राहिले. शेवटी म्हणाले, "पंधरा दिवस. पण पुरावा कागदावर पाहिजे. माया नको."

मी इरेला पेटले होते. शनिवारच्या एस.टी.ने गावी आले. तू ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होतीस. डोळे अधू झाल्यामुळे माप तोवर दुसऱ्या घरी गेलं होतं आणि ओट्यावर कोंबड्या बसत होत्या. मी तुझ्यासमोर बसून शेंगा फोडायला घेतल्या आणि विचारलं, "आई, रात्री पाऊस पडला, सकाळी तू मोजलास. कुठल्या तारखेला लिहायचीस?"

"कालच्या. पडला कवा त्यो? काल."

"अगं, नियम असा आहे, ज्या दिवशी मोजला त्या दिवसाच्या पुढे लिहायचा."

"असला कसला नियम? काल जेवल्यालं आज जेवलं म्हनून सांगत्यात व्हय?"

सगळं पुढच्या प्रश्नावर होतं. "आणि पहाटे पाचला पडला तर? तो तर आजचाच."

तू शेंग हातात धरून जरा विचार केलास. "न्हाई. बाटली रिती केल्याबिगर माझा दिस सुरू हुईत न्हाई. बाटलीत साचलंय ते समदं कालचं."

मी सूप बाजूला सारून तुझ्या गळ्यात पडले. "अगं, याड लागलं काय?" तू म्हणालीस. तुझी चूक नियमाने झालेली होती, आई. मनाला येईल तसं नाही, तर रोज, सारखीच, एकाच दिवसाची. अशी चूक दुरुस्त करता येते.

वडिलांच्या पलटणीच्या काळ्या ट्रंकेतून मी तुझ्या सगळ्या कार्बन प्रती सांगलीला नेल्या. शेजारच्या केंद्रांचा पाऊस आलेखाच्या कागदावर काढला, तुझा ट्रेसिंग पेपरवर, आणि तुझा कागद एक घर उजवीकडे सरकवला. रेघांवर रेघा बसल्या. एका वर्षाच्या, दुसऱ्या वर्षाच्या, तिसऱ्या. मी जेवणाच्या सुट्टीतही उठत नव्हते. मग एक पावसाळा आला, आणि तो कुठेही सरकवला तरी बसेना. आकडे सगळे पाच, दहा, पंधरा, तीस. पाऊस असा पाचापाचाने पडत नाही. अक्षर तुझ्यापेक्षा टपोरं होतं. माझं होतं.

तुझं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि तू इस्लामपूरला मावशीकडे दोन महिने होतीस, तो पावसाळा. मी तेरा वर्षांची. स्वयंपाक चुलतीकडे आणि वही माझ्याकडे. जाताना तू नळी माझ्या हातात दिलीस, फडक्यात गुंडाळलेली, आणि म्हणालीस, "बघितल्याबिगर शून्यबी लिवू नगंस." मी ते दोन महिने न बघता लिहिले होते. हे मी विसरले होते असं म्हणणं खोटं ठरेल. कागद सरकवायला घेतले तेव्हाच तो पावसाळा कधी येतो याची मी धास्ती घेतली होती.

साहेबांनी सगळे कागद स्वतः सरकवून पाहिले. दोन तास लागले. नंतर म्हणाले, "तुमच्या आईंनी तेवीस वर्षांत एक दिवस बुडवलेला दिसत नाही. आपल्या सगळ्या केंद्रांत इतकं सलग दुसरं काही नाही." मला रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात त्यांनी तो पावसाळा वर काढला. "इथे काय झालं?"

"त्या आजारी होत्या, सर."

यात एकही शब्द खोटा नव्हता. त्यांनी पेन्सिलीने शेरा लिहिला आणि तो पुढे अहवालात छापून आला: या हंगामात निरीक्षक आजारी असल्याने नोंदी अविश्वसनीय. अहवालाचं पुस्तक घेऊन मी तुझ्याकडे आले. तू ते देवापुढे ठेवलंस, मग मांडीवर घेतलंस, आणि बोटाने ओळ धरत आपल्या गावाचं नाव शोधलंस. "ह्यो माझा पाऊस?" म्हणालीस. बोट खाली शेऱ्याकडे यायच्या आत मी पान उलटलं. तुझे डोळे अधू होते, तुला ती बारीक अक्षरं वाचता आलीही नसती. तरी मी पान उलटलं. पुढच्या वर्षी तू गेलीस.

तो तक्ता ग्रामपंचायतींच्या भिंतींवर लागला. लोकांनी आधी त्याला हसून घेतलं, मग वापरला. मी त्याच्यावर निवृत्तीपर्यंत काम केलं आणि तुझा पाऊस त्यात कायम राहिला. मला वाटलं, विषय संपला.

गेल्या आठवड्यात कार्यालयातल्या एका तरुण मुलीचा फोन आला. तक्ता नव्याने करायला घेतला आहे, पुढच्या पन्नास वर्षांचा पाऊस धरून. हुशार आहे, अदबीने बोलते. म्हणाली, "मॅडम, त्या केंद्राला जुना शेरा आहे. संगणकात तो एवढाच उतरवलाय: निरीक्षक अविश्वसनीय. आता आमची पद्धत अशी आहे की निरीक्षकाबद्दल असा शेरा असला तर त्या निरीक्षकाच्या सगळ्याच नोंदी वगळायच्या. तुमची काही हरकत नाही ना?"

हरकत! आई, माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना, कारण शेरा माझाच होता. तेवीस वर्षं पोतं डोक्यावर घेऊन तू उठलीस, आणि माझ्या दोन महिन्यांपायी ते सगळं कपाटात जाणार. मी तिला सांगितलं, "हरकत आहे. माझं लेखी येईपर्यंत त्या केंद्राला हात लावू नका." पूर्वी साहेबांसमोर उभी राहिले होते ना, तोच आवाज निघाला.

काल अर्ज लिहिला. तीन वेळा खोडला, कारण दर वेळी पहिल्या ओळीत माझं वय येत होतं, तेरा वर्षांची असताना, लहान असताना. शेवटी ते काढलं. असं लिहिलं: या हंगामात निरीक्षक गैरहजर होत्या व नोंदवही त्यांच्या मुलीकडे होती. मुलीने नोंदी न बघता लिहिल्या. अहवाल करताना ही गोष्ट मुलीला माहीत होती व तिने ती सांगितली नाही. मुलगी म्हणजे खाली सही करणारी. हे दोन महिने वगळावेत. उरलेल्या सर्व नोंदी एक दिवस पुढे धरून विश्वसनीय मानाव्यात. सोबत सगळ्या कार्बन प्रतींच्या झेरॉक्स जोडल्या. आज सकाळी विश्रामबागेत जाऊन अर्ज हातोहात दिला आणि पोच घेतली. ती मुलगी वाचत असताना मी बसले नाही. वाचून झाल्यावर तिने मला पाणी दिलं. उत्तर काय येईल ते येवो. नाही म्हणाले तर साताऱ्याला जाईन, तिथे नाही म्हणाले तर पुण्याला. पाय अजून धड आहेत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. ट्रंकेत त्या पावसाळ्याच्या प्रतीमागे ठेवते आहे, तुझ्या नळीशेजारी. नळीला एक बारीक चीर गेली आहे, पण रेघा शाबूत आहेत.

तू इस्लामपूरहून आलीस, पोटाला हात धरून आधी वही मागितलीस आणि माझं अक्षर बघून खुश झालीस. "रोज बघितलंस न्हवं?" असं विचारलंस, आणि मी "व्हय" म्हणाले. न्हाई बघितलं, आई. बातम्या लागायच्या तेव्हा मी वाकळंत असायचे, आणि छपराच्या पत्र्यावर वाजणाऱ्या पावसावरून आकडा ठरवायचे.