बाबांचा डावा हात

शनिवार, जेवणाआधी

पॅरालिसिसनंतर बाबांनी आज पहिल्यांदाच सोसायटीच्या हॉलमध्ये जादू केली. बंदरावरचे त्यांचे जुने मित्र न्हावा शेव्याहून मुद्दाम आले होते. उजव्या मुठीतून गायब होणारं नाणं खरं तर डाव्या तळहातात दडलेलं असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि नेमका डावाच हात अजून थरथरतो.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुला काय मजा येणार गं, तुला सगळंच ठाऊक!"

मजा कसली? सगळे हसत होते आणि मी एकटीच त्या डाव्या हाताकडे बघत होते. बोटं सैल पडत होती. आता नाणं पडणार, लोक चुकचुकणार, बाबा पुन्हा कधी उभेच राहणार नाहीत... माहीत असणं म्हणजे हेच का?

मग बाबांनी उजवी मूठ वर धरली, तिच्याकडे रोखून पाहिलं, फुंकर मारली. मूठ रिकामी! टाळ्या.

लिफ्टमध्ये त्यांनी हळूच विचारलं, "डावा हात हलला ना? दिसलं तुला?"

"नाही, बाबा."

"खोटं नको बोलूस."

खोटं नव्हतं. त्यांनी उजव्या मुठीकडे पाहिलं, तेव्हा मीही तिकडेच पाहिलं होतं.