मीठ कुणी घालायचं

१२ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे असं लिहितेस, पण तू प्रत्येक पत्रात बरीच असतेस, त्यामुळे त्यावर माझा काडीचाही विश्वास नाही.

इकडची बातमी अशी की मुंगीच्या पोटदुखीचं कारण अखेर सापडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिला ग्लूटेन चालत नाही. म्हणजे गहू, मैदा, रवा सगळं बंद, तेही जन्मभर. कणभर पोटात गेलं तरी आतडी बिघडतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणूनच पोरगी नऊ वर्षांची झाली तरी सहाची दिसते. गंमत बघ, आजोबांनी पाव भाजले, बाबांनी भाजले, मी भाजतोय, आणि माझ्याच लेकीला पाव वर्ज्य.

तिच्यासाठी दुकानात पाकिटातला वेगळा पाव मिळतो. किंमत ऐकून मी दुकानदाराला पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तीच सांगितली. चवीला विटेचा भाऊ. मुंगी तो मुकाट्याने चावते आणि आमच्या ताटांकडे बघायला नको म्हणून खिडकीकडे तोंड करून बसते. मला ते बघवत नाही गं. तू वसतिगृहातल्या एवढ्या पोरींना रांधून घालतेस, आता तूच काहीतरी सुचव.

बाकी घरी ठीक. संध्याकाळी भट्टीवरून आलो की बाबांसारखं पातेल्यात मीठ मीच घालतो. मुंगी झाकण धरून माझी वाट बघत असते. दिवसभरात तेवढीच ती खुदकन हसते.

तुझा हात डोक्यावर असाच असू दे.

तुझा
पाववाला


२० जून

चि. पाववाल्यास आणि त्याच्या शिंपीणबाईस,
अ. उ. आ.

रडगाणं वाचलं. आता डोळे पुसा आणि ऐका.

पहिली गोष्ट, ती पाकिटं बंद. दुसरी, पोरीचं ताट वेगळं मांडणं बंद. सगळ्यांनी तेच खायचं. एका पातेल्यात शिजलं की खर्चही आटोक्यात राहतो आणि कुणाला खिडकीकडे तोंड करावं लागत नाही. पाववाल्या, तुला पाव हवा असेल तर भट्टीवर खाऊन ये, घरात आणू नकोस.

आता काय रांधायचं ते. तांदूळ, डाळी, बटाटे, अंडी, मका. एवढ्यावर माझं वसतिगृह चालतं, तुमचं तिघांचं का नाही चालणार? उरलेला भात कुस्करून त्यात अंडं आणि कांदा घाला आणि तव्यावर चपट्या वड्या भाजा. माझ्या पोरी त्यासाठी भांडतात. रस्सा दाट करायला पिठाऐवजी उकडलेला बटाटा कुस्करून घाला. डाळ भिजवून वाटा आणि तव्यावर पातळ पसरा. तांदळाचं पीठ मात्र गिरणीतून आणू नका, तिथे आधी कुणाचा गहू दळलेला असतो. घरीच मिक्सरमध्ये काढा. चाळणी, लाटणं, लाकडी चमचे नवे घ्या. जुन्यांच्या भेगांत गहू बसलेला असतो.

शिंपीणबाई, मशीनवरून उठून हे सगळं करणं सोपं नाही, हे मला कळतं. तुझ्यासारखी भावजय मिळाली हे आमच्या घराचं नशीब. तोंडावर म्हणणार नाही, डोक्यावर चढशील, म्हणून लिहितेय.

खुशाली कळवत जा, म्हणजे मला घास गोड लागेल.

तुमची
अक्का


४ ऑगस्ट

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे उपकार कसे फेडू? भाताच्या वड्या झाल्या की आता आमच्यातही भांडणं होतात. मुंगी खिडकी विसरली, आमच्याकडे तोंड करून जेवते आणि वर माझ्या ताटातलं उचलते. महिन्याचं सामानही पूर्वीपेक्षा स्वस्तात येतंय.

पण वन्सं, तिचं वजन काट्यावर हललेलं नाही. पोट तसंच दुखतं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं आणि म्हणाल्या की कुठून तरी गहू जातोच आहे. मी घर उलटंपालटं केलं. डबे धुतले, फडकी बदलली, शाळेत बाईंना भेटून आले. काही सापडत नाही. मधे हे आठवडाभर मालकांच्या दुसऱ्या भट्टीवर मुक्कामाला होते. तेव्हा पोरगी टुणटुणीत होती. म्हटलं बाप घरी नाही म्हणून उंडारतेय. ते आले आणि पुन्हा पोट धरून बसली.

तेव्हापासून ह्यांच्या मनाने घेतलंय की आपला धंदाच लेकीच्या मुळावर आला. भट्टी सोडून फरशीच्या गोदामात हमालीला जातो म्हणतात. पाव फुगला की लहान मुलासारखा खूश होणारा हा माणूस, वन्सं, फरशा वाहील? माझं काही ऐकत नाहीत. पहिल्या तारखेला मालकांना सांगणार आहेत. तुमचं ते ऐकतात, म्हणून हे पत्र त्यांना न सांगता लिहितेय.

आम्हाला अंतर देऊ नका.

तुमची
शिंपीणबाई


११ ऑगस्ट

चि. पाववाल्यास,
अ. उ. आ.

बायकोवर रागावू नकोस, तिने मला सगळं लिहिलं ते बरंच केलं. पत्र वाचलं, मग तुझं जूनचं पत्र काढून पुन्हा वाचलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे.

बाळा, गहू मिठात आहे.

बाबा भट्टीवरून येऊन स्वतःच्या हाताने मीठ घालायचे. तोवर आई पातेलं अळणी ठेवायची. बाबा आले, आता जेवायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्या माघारी तू ते चालवलंस, याचा मला अभिमान आहे. पण तुझी नखं आठव. मनगटं आठव. पाण्याखाली हात धरून झटकले की धुतले, अशी तुम्हा पाववाल्यांची पद्धत. ती बोटं रोज मिठाच्या बरणीत बुडतात आणि तिथून पातेल्यात. माझ्याही लवकर ध्यानात आलं नाही, कारण आपल्या घरात मीठ असंच पडतं, दुसरं कुणी घालतं हे मला माहीतच नव्हतं.

भट्टी सोडलीस तर गाठ माझ्याशी आहे. डॉक्टरीणबाईंना हे सांग, त्या म्हणतील ते कर. तोवर बरणीतलं मीठ टाकून दे, बरणीही नवी आण. भट्टीवरच साबणाने अंघोळ करून, कपडे बदलून घरी ये. आणि मीठ आता मुंगीला घालू दे. झाकण तू धर.

तिला भरवणाऱ्या हातांना कोसू नकोस. त्याच हातांनी घर चालतंय.

पत्राची वाट बघते, उशीर केलास तर कान धरायला येईन.

तुझी
अक्का


२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वरचं आईने लिहायला लावलं. ते उलगडून कसं वाचायचं ते मला येत नाही.

आत्या, माझं वजन वाढलं! डॉक्टरीणबाईंनी मला काट्यावर दोनदा उभं केलं आणि टाळी दिली. आईने माझ्या दोन फ्रॉकच्या शिवणी उसवून ते मोठे केले. ती रडत होती आणि म्हणत होती की डोळ्यात दोरा गेला. पोट आता दुखत नाही. बाबा भट्टीवरच आहेत. केस ओले ठेवून घरी येतात, आणि आई म्हणते की लग्नातसुद्धा एवढे स्वच्छ नव्हते.

मीठ मी घालते. पहिल्या दिवशी खूप जास्त पडलं. आईने बटाटे टाकले तरी खारटच. बाबा म्हणाले फक्कड झालंय आणि तांब्याभर पाणी प्यायले. आता मला अंदाज आलाय. बाबा दारातून ओरडतात की मी आलो, तोवर मी घालत नाही आणि कुणी जेवत नाही.

तू आलीस की तुझ्यासाठीही घालेन. गुडघ्याला सांग लवकर बरा हो.

माझ्यावर आहेस तेवढीच खूश राहा, जमलं तर थोडी जास्त.

तुझी
मुंगी

ता. क. : अक्का, खालच्या ओळी माझ्या. तू नसतीस तर आज मी फरशा उचलत असतो आणि पोरगी तशीच कळवळत असती. जन्मभर तुझा ऋणी आहे, आणखी काय लिहू? एक मात्र सांगतो. ते झाकण फार गरम असतं गं, वाफ थेट हातावर येते. इतकी वर्षं पोरगी ते माझ्यासाठी धरून उभी राहायची आणि एकदाही बोलली नाही.