वरची फळी

लातूर
शनिवार, १४ मे २०१६

प्रिय शेषेरावदादा,

सप्रेम जय भीम. सुमनवहिनींनाही सांग. कंधारला पाणी कितव्या दिवशी येतं? आमच्या गल्लीत टँकर नवव्या दिवशी आला. शहराला पाण्याची रेल्वे येते आणि लोक चहाच्या गाड्यावर उदगीर जिल्हा होणार का, अहमदपूर कुणाकडे जाणार, यावर भांडतात. परवा एकजण म्हणाला, "जिल्हा कुणाचाबी होऊ द्या, हंडा कोण भरून देतंय ते सांगा."

फोन करते तेव्हा तू "काय म्हणती बत्तीस टक्के?" म्हणून हसतोस आणि माझं राहून जातं. म्हणून पत्र.

दिवाळीत मी तुला सांगितलं होतं की हाडाच्या पेशींवर कमी शक्तीचा लाल लेझर टाकला, तर त्या बत्तीस टक्के जास्त वाढतात. तुझी नडगी तेव्हा तीन महिन्यांपासून जुळत नव्हती. जानेवारीत नांदेडच्या डॉक्टरांनी कमरेचं हाड घेऊन तिथं बसवायचं सांगितलं, तर तू ऑपरेशन टाळलंस आणि त्यांना म्हणालास, "कंबर कशाला कापता? माझी बहीण उजेडानं हाड जोडती की!" वहिनींनी हे हसत सांगितलं. मीही हसले.

दादा, तेव्हाच बोलायला हवं होतं. बशीतल्या पेशी म्हणजे माणसाचा पाय नव्हे. हे मला माहीत होतं. तुला अभिमान वाटत होता आणि मला तो गोड लागत होता.

पुढचं त्याहून वाईट. पेशींच्या बश्या आम्ही प्रयोगशाळेत उबदार कपाटात ठेवतो. त्यातली हवा ओलसर राहावी म्हणून तळाशी पाण्याचा ट्रे असतो. त्यात शुद्ध केलेलं पाणी लागतं, आणि ते करताना कितीतरी पाणी नळीतून वाहून जातं. एप्रिलमध्ये माझी डायरी चाळत होते. गेल्या सप्टेंबरची नोंद सापडली: 'आजपासून ट्रेमध्ये अर्धंच पाणी. शहर तहानलेलं असताना एवढं तरी करावं. बरं वाटलं.'

तिथंच थांबले. उजेड द्यायच्या बश्या सारख्या काढाव्या लागतात, म्हणून मी त्या खाली, पाण्याजवळ ठेवत होते. उजेड न देता तुलनेसाठी ठेवलेल्या बश्या वरच्या फळीवर. वरच्या सुकत होत्या. लेझरनं खालच्या वाढल्या असं मी लिहिलं. खरं म्हणजे वरच्या तहानेनं मागं पडल्या होत्या.

ट्रे काठोकाठ भरला, फळ्यांची अदलाबदल केली, आणि प्रयोग पुन्हा केला. दोनदा. फरक बत्तीस नाही, सात टक्के. उजेड जास्त दिला तर तोही जातो. माझ्या मार्गदर्शक सरांना लेखी कळवलं. शोधनिबंध मागे घेतला. तिथं मी अडखळले नाही. तुला सांगायलाच मला तीन आठवडे लागले.

हे सात मात्र खरे आहेत. त्यावर मी पुढची दहा वर्षं काम करीन. पण तुझा पाय त्या दहा वर्षांची वाट बघू शकत नाही. माझ्या शब्दावर तुला मी चार महिने वरच्या फळीवर ठेवलं, दादा.

डॉक्टरांशी बोलले. उशीर झालाय, तरी हाड बसवलं तर जुळेल, असं ते म्हणाले. सोमवारी, २३ तारखेला ऑपरेशन ठरवून घेतलंय. तुला न विचारता ठरवलं, हवं तर रागाव. मी रविवारीच नांदेडला पोचते, आठ दिवस रजा काढली आहे. कंबर दुखेल तेव्हा मला शिव्या दे, मी उशाशीच असेन.

आणि एक कर. 'बहीण हाड जोडती' असं ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यांना हे पत्र वाचून दाखव. गाळू नकोस काही.

तुझी,
सात टक्के
तारा