उलट्या पिसांचा कोंबडा

आई, तुझ्या उलट्या पिसांच्या कोंबड्यांविषयी लिहायला बसले आहे. त्या आठवल्या की काकी डोळ्यांसमोर येते, म्हणून इतकी वर्षं टाळलं.

लढाई चालू होती. बाबा पलटणीत. आपल्या माण तालुक्यातल्या घरात आपण तिघीच: तू, मी आणि बाबांच्या धाकट्या भावाची विधवा, माझी काकी. तुझ्या माहेरून आलेल्या दोन कोंबड्यांची पिसं मानेकडं वळलेली, वाऱ्यानं विस्कटल्यासारखी. बघायला परगावची माणसं यायची. त्या कोंबड्यांच्या अंड्यांतून निम्मी पिल्लं तशी निघायची, निम्मी साधी. तुला साधी नकोच होती. बाबा रजेवर आले तेव्हा तू साधा कोंबडा कापलास आणि उलट्या पिसांचा तेवढा ठेवलास. काकी चुलीपुढं भाकरी थापत होती. खाली मान घालूनच म्हणाली, "आक्का, उलटीला उलटा नगा लावू. माझ्या आईनं लावला हुता. काई पिल्लं उघडीच ऱ्हात्यात, जगत न्हाईत."

"तुझ्या तोंडाला कवा चांगलं येतंय का गं?" तू म्हणालीस. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

मग ती पिल्लं. पिसं फुटतात आणि गळून जातात. काहींची कातडी लाल, उघडी. माणातली थंडी त्यांना सोसत नाही; सकाळी एखादं ताठ झालेलं असतं. तू ते परसात पुरतेस आणि काकीकडं बघतेस. एका दुपारी तू माझं मनगट धरतेस. "अंड्यांवर काय पुटपुटत हुती का ती? बघितलंस तू?"

मी बघितलं होतं. काकी अंडं कानाशी धरून आतली टकटक ऐकत होती. मलाही तिनं ऐकवली होती. पण तुझी पकड सैल होईना, आणि मी म्हणाले, "व्हय."

दुसऱ्या दिवशी काकी लुगड्याचं गाठोडं घेऊन निघाली. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला अजून सोसत नाही.

लग्न होऊन मी सांगलीला आले, तेव्हा ती जवळच माधवनगरला भेटली. गिरणीत सुताच्या कांड्या भरायची. खोलीमागं तिच्या कोंबड्या, उलट्या पिसांच्याच. कोंबडा मात्र साधा. मी कारण विचारलं. म्हणाली, "आईनंबी मीठ टाकलं आन् बापानंबी टाकलं, की कालवण खारट व्हनारच. एकानंच टाकावं. मग निम्म्या पिल्लांना लागतं, निम्मी अळणी." कोंबड्यांना दाणे टाकत तिनं विचारलं, "आक्का बऱ्या हायत न्हवं?"

तुझ्या शेवटच्या आजारात मी तुला माझ्या घरी आणलं. तू म्हणालीस, "धाकटीला एकदा बोलव गं. पिल्लांपायी हाकलली मी तिला. तिनं खरंच काय केलं हुतं का?" मी तुझ्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं आणि म्हणाले, तिचा ठावठिकाणा कुणालाच माहीत नाही. तू डोळे मिटलेस. पुन्हा विचारलं नाहीस.

तिची खोली माझ्या घरापासून फार लांब नव्हती. ती आली असती तर तुम्ही दोघी बोलल्या असतात, आणि माझं खोटं उघडं पडलं असतं.

काकी अजून आहे, आई. कान गेलेत, पण डोळे शाबूत आहेत. कुणी लिहून दिलं तर वाचते. हे तिलाच लिहायला हवं होतं. धीर झाला नाही, म्हणून तुला लिहिलं.