ऑक्सिजनवरचा आळ

सर, सकाळपासून चार कागद फाडले आणि सहा वेळा उठून खिडकीशी जाऊन आले. शाळेच्या स्मरणिकेत तुमच्यावर लिहायचंय. साप्ताहिकातल्या माझ्या सदरात आमदारापासून संस्थाचालकापर्यंत कुणालाही ओरबाडायला मला अर्धा तास पुरतो. तुमच्यापाशी आले की अडते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी.

चकलांब्याचा नववीचा वर्ग. तुम्ही फळ्यावर 'ऑक्सिजन' लिहिता आणि सांगता, या नावाचा अर्थ आम्ल तयार करणारा. फ्रान्सातल्या एका शास्त्रज्ञाला वाटलं, प्रत्येक आम्लात हा असणारच, म्हणून त्यानं नाव देऊन टाकलं. पुढे मिठापासून काढलेलं तेजाब, म्हणजे जहाल आम्लच, तपासलं, तर त्यात ऑक्सिजनचा पत्ताच नाही. आंबटपणाचं मूळ निघालं हायड्रोजनमध्ये. पण आळ आला तो ऑक्सिजनवरच राहिला. मी विचारलं, "सर, चूक कळल्यावर नाव कावून न्हाई बदललं?" तुम्ही खडू खाली ठेवता. "आमच्या बापानं छप्पन साली धर्म बदलला. गाव अजून जुन्याच नावानं हाक मारतंय. तू ऑक्सिजनचं काय घेऊन बसलीस!" वर्ग हसला. तुम्हीही हसलात, जरा उशिरा.

त्याच आठवड्यात मी शेजारच्या मुलीच्या तोतरेपणाची नक्कल केली आणि तुम्ही मला उभं केलंत. "तेजाब हाय तुझ्या जिभेवर. जपून वापर, न्हाई तर आधी तुझंच तोंड भाजंल." लई झोंबलं. मधल्या सुट्टीत तुम्ही व्हरांड्यातून येताना दिसलात, तशी मी मुलींना म्हणाले, "सरका गं, तेजाब मास्तर आला." बास. महिन्याभरात शाळेत, मग गावात, पुढे मांजरसुंब्याच्या ढाब्यावरसुद्धा, "या तेजाब सर, बसा." ज्या माणसानं कधी छडी उचलली नाही, त्याला. एक नाव गाव सोडत नव्हतं, त्यावर दुसरं मी चढवलं.

परवा तुमच्या घरून काकूंचा फोन आला. "जयभीम, पोरी. ह्यांच्यावर लिहितीस म्हणं. एक सांग, ह्यांना तेजाब कावून म्हणायचे गं लोक? घरात कदी आवाज चढला न्हाई ह्यांचा. मी इचारलं की नुसतं हसायचे."

"माहीत नाही, काकू. पोरांचं काय, काहीही म्हणतात."

दर आठवड्याला लोकांचा खोटेपणा छापणारी मी. हे बोलायला मला श्वाससुद्धा घ्यावा लागला नाही. तुम्ही हसायचात म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं का, सर? की ते हसणंही वर्गातल्यासारखंच, जरा उशिराचं?

लेख झाला एकदाचा. शिस्त, साधी राहणी, विद्यार्थ्यांविषयी तळमळ. कुठल्याही मास्तराच्या फोटोखाली चालेल असा. तो पाठवते. हा कागद खरं तर काकूंच्या हातात द्यायला हवा. देणार नाही. माफी मागायला म्हणून बसले होते, पण ऐका. बाजारात अजूनही कुणी ते नाव घेतं, तेव्हा आधी मला बरं वाटतं, काय चपखल जमलं होतं म्हणून. लाज त्यानंतर येते.