कात्रज मार्गावरचे अठ्ठावीस फायबर

पुणे, ३ जून २०२५

चि. ललितास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढलेली बाई पत्र लिहिते आहे. हसायचं तर हस.

सौरभच्या खराडीच्या कंपनीत पैसे घालणाऱ्यांनी माझं मत मागितलं. मी त्याची मावशी, हे सांगूनच काम घेतलं. तुझ्या लेकाचं यंत्र उत्तम आहे. एकाच फायबरमधून प्रकाशाचे चाळीस रंग पाठवतं; रस्ता न खोदता चाळीसपट काम. पण शहरातल्या कंपन्या ते घेणार कधी? फायबर संपले की. कात्रज ते स्वारगेट माझ्या नकाशावर अठ्ठेचाळीस फायबर आहेत, वापरात वीस. अठ्ठावीस रिकामे पडलेले असताना यंत्र कोण घेईल? मी लिहिलं, पाच वर्षं पुण्यात बाजार नाही. त्यांनी हात काढून घेतला, कंपनी बंद पडली.

नात्यासाठी आकडा बदलायला मी शिकले नाही. रागाव, पण जेवत जा.

रागासकट आपली समजावीस,
कौशल्या


सातारा, १९ जून

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

जेवते आहे. चिंता नसावी.

सौरभ तीस तारखेला जर्मनीला जातो आहे, नोकरीवर. पुढचं तुला सांगायचं नाही असं त्याने बजावलं होतं, पण माझ्या पोटात राहत नाही. तुझे ते अठ्ठावीस फायबर त्याने मार्चमध्येच तपासले होते. रस्त्यांच्या खोदकामात पंचवीस तुटलेत. तीन जिवंत. पैसेवाल्यांसमोर तू अहवाल मांडलास त्या बैठकीत तपासणीचा कागद त्याच्या पिशवीत होता.

मग बोलला का नाहीस, विचारलं. म्हणाला, नकाशावर मावशीची सही आहे. सहावीत असताना तिनेच फरशीवर पसरून मला तो वाचायला शिकवला. चार परक्या माणसांत तिला चूक कसं म्हणू?

मी त्याला मूर्ख म्हटलं. नंतर दोघं रडलो. तू नात्यासाठी आकडा बदलला नाहीस, अक्का. त्याने नात्यासाठी आकडा सांगितला नाही.

तरीही तुझीच,
ललिता


पुणे, ४ जुलै

चि. ललितास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र एकोणतीसला मिळालं. लगेच सौरभला फोन केला. त्याने यंत्राचा विषय काढूच दिला नाही. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घे म्हणाला.

काल आमच्या खात्यातले जुने केबल-जोडारी रंगराव यांना घेऊन कात्रजला गेले. त्यांनी एकेक फायबर मीटर लावून तपासला. तीनच. हाताखालच्या पोरांना जन्मभर सांगत आले की नकाशावर विश्वास ठेवू नका, मीटर लावा. हा नकाशा माझा होता, म्हणून मीटर लावला नाही.

दुरुस्त अहवाल पाठवला. पैसे दुसरीकडे गुंतवले, आभारी आहोत, असं एका ओळीत उत्तर आलं.

नकाशावरचे पंचवीस फायबर लाल शाईने खोडले आहेत. खाली आजची तारीख आणि सही. सोबत ठेवला आहे. सौरभ घरी येईल तेव्हा त्याच्या हातात दे. तिकडे पाठवू नकोस. तिथे तो एकटा आहे.

उरला असेल तेवढा लोभ ठेव.
कौशल्या