गळा न कापलेलं उइपिल

तीर्थस्वरूप निकोलासाताईस,

चिची गावाहून लुकासचा वाकून नमस्कार. तू बरी असशील. तुझ्या मालकीणबाईंची कंबरही बरी असेल (नसली तरी माझं काही म्हणणं नाही, आईच्या मातीला तुला सोडलं नाही ते त्या कंबरेपायीच). मी ठीक. बसवरचं काम मी सोडलं, म्हणजे बसनेच मला सोडलं. घाटात एका बाईची कोंबडी टपावरून उडाली, ती धरायला मी उतरलो आणि बस निघून गेली. कोंबडी मिळाली नाही. असो, भलतीकडेच चाललो.

तर आता मी बाजारात आईच्या जागेवर कापड विकायला बसतो. तिच्या विणकर गटातल्या मावश्यांनीच बसवलं. कर्ज पाचजणींनी मिळून घेतलेलं. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनाही पुढच्या सुताला पैसे मिळत नाहीत. बुधवारी बँकेचा पोरगेलासा साहेब हजेरी घेतो, त्यात आईचं नाव अजून पुकारतो. पहिल्या वेळी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तेक्लामावशी म्हणाली, "हजर आहे. तिचा मुलगा बसलाय ना दगडासारखा." साहेबाने वहीत खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

आईचा पुढचा हप्ता भागेल अशी एकच वस्तू उरलीय, तिने अंगात घालायला शेवटचं विणलेलं उइपिल. छातीवर दोन डोक्यांचा गरुड, शिवणही झालेली. फक्त गळा कापायचा राहिला. त्याला कात्री लावायला एकही मावशी धजत नाही. ज्या डोक्यासाठी गळा, ते आधी समोर हवं म्हणतात. (मी माझं पुढे केलं. मावशी म्हणाली, "त्यात काही असतं तर कापला असता.")

रविवारी एका परदेशी बाईने ते विचारलं न विचारलं तोच अंगावर चढवलं. डोकं बाहेर यायला वाट नाही, तशीच चाचपडत ती मक्याच्या पेजेच्या पातेल्यापर्यंत गेली. आम्ही धरून सोडवली. तरी तिला ते आवडलं. भिंतीवर टांगीन म्हणाली, सांगितले तेवढे पैसे काढले. मी घडी घालतोय तोच तेक्लामावशी शांतपणे म्हणाली, "बाई, त्याला कसर लागलीय." बाई गेली. कसरबिसर काही नव्हती.

मी चिडलो. म्हटलं, मावशी, आता हप्ता कुठून आणू?

"भिंतीला डोकं असतं का रे?" एवढंच म्हणाली.

मग शेजारणीकडून कळलं. आईचा हप्ता या चौघीच आपापसात भरतायत. मावशीने सणाला नेसायचं वस्त्रसुद्धा विकलं. मला कुणी सांगितलं नाही, आणि मी मात्र मागचे हप्ते माझ्या विक्रीतून गेले असं समजून दोन आठवडे ऐटीत होतो.

तुझा,
लुकास

ता. क. सुट्टी काढून ये आणि ते उइपिल तूच विकत घे. गळा तुझ्या मापाने कापतील, हप्ताही भरला जाईल. पण घासाघीस कर. दान वाटलं तर मावश्या पैशाला हात लावणार नाहीत. आणि मी कळवलं हे तेक्लामावशीला सांगू नकोस.

आणखी ता. क. वरचा ता. क. तेक्लामावशीने सांगितला तसा लिहिलाय. ती शेजारीच बसलीय. म्हणते, पैसे नसले तरी ये. भाव तरी करशील.